लाख नेमकी केव्हा वितळते? गोंदियाचा चपडा आणि प्रयोगशाळेतला तापमापक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली आमच्यासारखी माणसं रसायनाच्या प्रयोगशाळेत कशाला शिरतात, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर व्याख्यान पुढे जाईल तसं मिळेल. सुरुवात दोन अगदी साध्या वस्तूंपासून करू.

पहिली वस्तू म्हणजे डांबरगोळी. कपाटात, ट्रंकेत, लोकरीच्या कपड्यांत आपण ठेवतो ती. जुन्या पद्धतीची डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलिन. दुसरी वस्तू म्हणजे चपडा लाख. पातळ, तांबूस-नारिंगी पापुद्र्यांसारखी, काचेच्या तुकड्यांसारखी चमकणारी. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर पॉलिश करतात. पुस्तकात दोन्हींचे आकडे पाहिले तर नॅप्थॅलिन ८० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि चपडा लाखही ७५ ते ८० अंशांच्या आसपास वितळते. कागदावर दोघं शेजारी. पण प्रत्यक्ष तापवून पाहिलं तर दोघांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. नॅप्थॅलिन ७९ अंशांपर्यंत कोरडं, पांढरं, घट्ट बसून राहतं आणि ८० च्या जवळ येताच बघता बघता पाणी होतं. लाख मात्र ६५ लाच मऊ पडायला लागते, मग चिकट होते, मग तार धरते, मग सावकाश वाहू लागते. ती ‘वितळली’ असं नेमकं कुठल्या क्षणी म्हणायचं?

आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे. आणि हा प्रश्न गोंदियाचा आहे, कारण गोंदिया हे लाखेवर प्रक्रिया करणाऱ्या गावांपैकी एक. झारखंडात रांचीचा परिसर, बंगालात बलरामपूर आणि झालदा, उत्तर प्रदेशात मिर्झापूर, छत्तीसगडात धमतरी आणि कटघोरा, तसं महाराष्ट्रात गोंदिया. विदर्भाबाहेर हे फार थोड्यांना माहीत असतं. गोंदिया म्हटलं की धान, राईस मिल, बिडी आणि सारस पक्षी आठवतात. लाख मागे पडते.

आधी ही चाचणी म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी बारावीनंतर विज्ञान सोडलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

पदार्थाची बारीक पूड करायची. एका टोकाला बंद असलेल्या, केसासारख्या बारीक काचेच्या नळीत ती दोन-तीन मिलिमीटर भरायची. नळी तापमापकाला बांधायची आणि तेलात किंवा सल्फ्युरिक आम्लात बुडवून हळूहळू तापवायची. जर्मन रसायनज्ञ योहानेस थीले यांनी १९०७ साली यासाठी एक खास काचेची नळी सुचवली. तिला बाजूला कानासारखी वाकडी फांदी असते. त्या फांदीला आच दिली की आतलं तेल आपोआप फिरत राहतं, ढवळावं लागत नाही. आजही आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत हीच थीले नळी दिसते. द्रवणांक जवळ आला की आच कमी करायची, मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढू द्यायचं नाही. पहिला थेंब दिसला तो एक आकडा, शेवटचा कण विरघळला तो दुसरा. दोन्ही आकडे वहीत लिहायचे. दोघांत अर्धा-एक अंशाचं अंतर असेल तर पदार्थ शुद्ध. चार-पाच अंशांचं अंतर असेल तर काहीतरी मिसळलेलं आहे.

हे असं का होतं? आइस्क्रीमचा हातानं फिरवायचा पॉट ज्यांनी पाहिला असेल त्यांना समजावून सांगायला नको. बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ शून्य अंशाच्या खालीच वितळू लागतो. शुद्ध पदार्थाच्या स्फटिकात सगळे रेणू कवायतीला उभे राहिल्यासारखे असतात. ती रांग एका ठरावीक तापमानाला एकदम मोडते. मध्ये परके रेणू घुसले की द्रवाला टिकून राहणं सोपं जातं, रांग आधीच मोडू लागते, आणि एकदम न मोडता थोडी थोडी मोडते. फ्रान्समध्ये राऊल यांनी १८८० च्या दशकात हे गणितात बसवलं. पण कारागिरी त्याच्याही आधीची आहे. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनज्ञानं चरबी आणि तेलं यांवर केलेलं काम १८२३ साली पुस्तकरूपानं आलं. चरबीतून आम्लं वेगळी काढायची, पुन्हा पुन्हा स्फटिक पाडायचे आणि द्रवणांक बदलायचा थांबेपर्यंत थांबायचं नाही, ही त्याची रीत. द्रवणांक स्थिर झाला म्हणजे आता एकच पदार्थ हातात आहे. शुद्धतेची ही कसोटी तिथून रुळली.

इथे आमच्या विषयाचा, म्हणजे तर्कशास्त्राचा, पहिला धागा येतो. न्यायशास्त्रात एखाद्या वस्तूचं ‘लक्षण’ सांगायचं म्हणजे तिला बाकी सगळ्यांपासून वेगळं करणारी खूण सांगायची. त्या खुणेत तीन दोष येऊ शकतात. गाईचं लक्षण ‘तांबूस रंग’ असं केलं तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं’ असं केलं तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एकच खूर’ असं केलं तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. आता द्रवणांक हे पदार्थाचं लक्षण मानलं तर काय होतं बघा. युरिया इथल्या धानाच्या शेतकऱ्याच्या घरात पोत्यानं असतो. तो सुमारे १३३ अंशांना वितळतो. सिनॅमिक आम्ल, दालचिनीशी नातं सांगणारं, तेही १३३ लाच वितळतं. म्हणजे नुसता आकडा पाहिला तर अतिव्याप्ती झाली.

रसायनज्ञांनी यावर काढलेली युक्ती सुंदर आहे. आपल्याकडची अनोळखी पूड युरियाच आहे का, हे बघायचं असेल तर तिच्यात खात्रीचा युरिया मिसळायचा आणि पुन्हा तापवायचं. द्रवणांक जागचा हलला नाही तर ती युरियाच. घसरला तर ती दुसरी कुणीतरी, कारण तिनं युरियाशी अशुद्धीसारखं वर्तन केलं. याला मिश्र-द्रवणांक म्हणतात. आपल्यासारख्याशी मिसळून जो बदलत नाही तो आपला. यंत्रं येण्याआधीची कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत ओळख पटवण्याचं हे मोठं साधन होतं.

इथपर्यंत सगळं छान चाललं. आता या चाचणीसमोर लाख आणून ठेवू.

लाख ही काही नवी वस्तू नव्हे. लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण आमच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा उल्लेख कणादांच्या वैशेषिक सूत्रांत आहे. तिथे प्रवाहीपणाचा, म्हणजे ‘द्रवत्व’ या गुणाचा विचार चालू आहे. पाणी स्वभावतःच पातळ असतं. पण काही पदार्थ स्वभावानं घट्ट आणि अग्नीच्या संयोगानं पातळ होणारे. याची उदाहरणं कणाद देतात ती तीन: तूप, लाख आणि मेण. लगेच पुढच्या सूत्रात कथील, शिसं, लोखंड, चांदी, सोनं असे धातू येतात. पुढच्या परंपरेनं पाण्याच्या द्रवत्वाला सांसिद्धिक आणि या दुसऱ्या प्रकाराला नैमित्तिक म्हटलं. नैमित्तिक म्हणजे निमित्त मिळाल्यावर येणारं. जगात वितळणाऱ्या पदार्थांची यादी करताना दुसऱ्याच क्रमांकावर लाख आठवावी, इतकी ती इथल्या माणसाच्या रोजच्या हाताखालची होती.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जंगल मात्र तेच. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या भागात फिरलात तर बांधाबांधावर पळस दिसतो. फाल्गुनात तो पेटल्यासारखा फुलतो तेव्हा सगळे बघतात. लाखेचा किडा मात्र त्याच्या कोवळ्या फांद्यांवर गुपचूप बसलेला असतो. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची आवडती झाडं. कुसुमावरची लाख रंगानं उजळ, म्हणून भाव जास्त. किड्याची मादी फांदीतला रस शोषते आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करते. हजारो किडे शेजारी शेजारी बसतात, कवचं एकमेकांत मिसळतात आणि फांदीवर खरखरीत साल चढल्यासारखी लाख जमते. या किड्याचं वर्णन पाटण्याच्या जेम्स कर यांनी १७८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं. त्याच्या शास्त्रीय नावात, केरिया लॅक्का, त्यांचं आडनाव राहून गेलं. नावातला ‘लॅक्का’ मात्र आपला.

फांदी तोडून खरवडली की काडीलाख. ती फोडून, चाळून, पाण्यात धुतली की लाल रंग निघून जातो आणि दाणे उरतात, त्याला चौरी म्हणतात. एके काळी त्या लाल पाण्यालाच जास्त मोल होतं, कारण त्यापासून कापडाचा रंग मिळे. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले, तो बाजार बसला आणि राळ हेच मुख्य उत्पन्न झालं. चौरीपासून चपडा करायची हाताची पद्धत बघण्यासारखी. लांबच लांब सुती कापडी पिशवीत चौरी भरायची, कोळशाच्या भट्टीसमोर आडवी धरायची. एक जण दुसऱ्या टोकाला पिशवी पिळत राहतो. आच लागून लाख वितळते आणि कापडातून पाझरते. मुख्य कारागीर ती खरवडून घेतो, कोमट पाणी भरलेल्या गोल नळकांड्यावर पसरतो. मग तो लुसलुशीत पापुद्रा उचलून हातांनी, पायांनी, वेळप्रसंगी दातांनीसुद्धा ताणायचा, कागदासारखा पातळ होईपर्यंत. थंड झाला की मोडून तुकडे करायचे. हा चपडा.

भट्टीसमोरच्या त्या कारागिराकडे तापमापक नव्हता. पण आच किती हवी हे त्याला अचूक कळायचं. कमी पडली तर लाख कापडातून निघत नाही. जास्त झाली किंवा जास्त वेळ लागली तर लाख पिशवीतच ‘मरते’. पुन्हा कितीही आच दिली तरी ती वितळत नाही, रबरासारखी होऊन बसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

रेल्वेनं गोंदियाचं भाग्य बदललं. नागपूर-छत्तीसगड मार्ग एकोणिसाव्या शतकात झाला, पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं तो कलकत्त्याला जोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून जबलपूरकडे छोटी लाइन गेली. सातपुड्यातला आणि आसपासचा वनमाल गोंदियात उतरू लागला, आणि इथून कलकत्त्याच्या बंदराकडे जाऊ लागला. तिथून लंडन, हॅम्बर्ग, न्यूयॉर्क. फर्निचरचं पॉलिश, टोप्या कडक करायचा लेप, विजेच्या यंत्रांतलं रोधक, लखोट्यावरची मोहोर, आणि सर्वांत मोठं म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. ७८ फेऱ्यांची ती जड, ठिसूळ तबकडी दगडाच्या पुडीला लाखेनं बांधून केलेली असे. बालगंधर्वांचा आवाज आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी पोचला तो अशाच लाखेच्या तबकड्यांवरून.

आता प्रश्न विश्वासाचा येतो. न्यूयॉर्कच्या कारखानदारानं हजारो मैलांवरून माल मागवला. पेटीतली लाख चांगली आहे हे त्याला कसं कळायचं? भट्टीवर लाखेत थोडी राळ, म्हणजे चीडाच्या झाडाची रोझिन, मिसळायची जुनी रीत होती. त्यानं काम सोपं होई. रंग खुलावा म्हणून पिवळी हरताळ टाकत. ठरावीक प्रमाणापर्यंत हे सगळ्यांना माहीत होतं आणि मान्य होतं. पण राळ लाखेपेक्षा स्वस्त, त्यामुळे प्रमाण वाढवायचा मोह कुणालाही होणार. तेव्हा साहेबाच्या प्रयोगशाळेला साहजिकच शेव्हरलची कसोटी आठवते. द्रवणांक काढू, घसरला असेल तर भेसळ.

आणि इथे ती कसोटी लंगडी पडते. पहिलं कारण म्हणजे राळेलाही नेमका द्रवणांक नाही, तीसुद्धा त्याच आसपासच्या तापमानाला मऊ पडते. दुसरं कारण अधिक मूलभूत आहे. लाखेत स्फटिकच नाही. रेणूंची कवायत मुळात नाहीच, मग ती एकदम मोडणार कशी? जत्रेत उभी असलेली गर्दी ‘कधी’ पांगली याला जसा एक क्षण सांगता येत नाही, तसंच हे. शुद्धातली शुद्ध लाख घेतली तरी आकडा पसरटच येणार. म्हणजे जी खूण युरियाच्या बाबतीत अशुद्धीची, ती लाखेच्या बाबतीत तिचा स्वभाव. चाचणीचा नियम आंधळेपणानं लावला तर जगातली प्रत्येक लाख भेसळीची ठरेल. नैयायिकांच्या भाषेत, ‘नेमक्या बिंदूला वितळणे’ हे लाखेचं लक्षण करायला गेलं तर असंभव हा दोष येतो. एक खुराच्या गाईसारखा.

मग काय केलं? भेसळ पकडण्यासाठी रसायनज्ञ दुसऱ्या वाटेनं गेले. लाख आयोडीन फार थोडं शोषते, राळ भरपूर शोषते. शंभर ग्रॅमला किती ग्रॅम आयोडीन, या हिशेबात लाखेचा आकडा १८ च्या आसपास आणि राळेचा २०० च्या पुढे. इतकं अंतर असल्यावर थोडी राळही लपत नाही.

पण लाख वितळते कशी, हा प्रश्न त्यानं सुटला नाही, आणि कारखान्याला तोच प्रश्न महत्त्वाचा होता. तबकडी छापताना लाख साच्यात नीट पसरली पाहिजे. इथे भारतातल्या एका संस्थेचं नाव घ्यायला हवं. १९२१ साली लाखेच्या धंद्यावरचा लिंडसे आणि हार्लो यांचा अहवाल आला. त्यातून पुढे २० सप्टेंबर १९२४ रोजी रांचीजवळ नामकुम इथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. डोरोथी नॉरिस या जीवरसायनज्ञ बाई तिच्या पहिल्या संचालक. १९३० च्या कायद्यानं निर्यात होणाऱ्या लाखेवर उपकर बसला आणि त्यातून संशोधनाचा खर्च निघू लागला. म्हणजे गोंदियातून कलकत्त्यामार्गे बाहेर गेलेल्या पेटीनंही त्या प्रयोगशाळांना आपला वाटा दिला. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कलाही लाखेवर काम करणारे विभाग निघाले.

या लोकांनी एका प्रश्नाचे तीन प्रश्न केले. पहिला, लाख मऊ केव्हा पडते? नळीतली पूड काचेची भिंत सोडून आकसू लागते ते तापमान लिहायचं. ती पूर्ण वितळून सलग दिसते ते वेगळं लिहायचं. एक बिंदू नाही, एक पट्टा, साधारण ६५ ते ८० अंशांचा. दुसरा, ती वाहते किती? ठरावीक तापमानाला तिरप्या नळीत ठरावीक वेळात किती अंतर पुढे गेली ते मोजायचं. तिसरा प्रश्न सर्वांत मजेशीर: ती वितळलेली किती वेळ राहू शकते? लाख १५० अंशांना धरून ठेवायची आणि घड्याळ लावायचं. काही वेळ ती पातळ असते, मग घट्ट होऊ लागते, शेवटी रबरासारखी होते आणि वाहणं थांबतं. त्या मिनिटांना नाव दिलं ‘उष्णतेतलं आयुष्य’. ताज्या लाखेचं जास्त, जुन्या, गोदामात पडून राहिलेल्या किंवा भट्टीवर जास्त भाजलेल्या लाखेचं कमी.

भट्टीवरचा कारागीर ‘लाख मेली’ म्हणत होता ती हीच गोष्ट. त्याच्याकडे मिनिटं नव्हती, पण कल्पना तीच होती.

आता पुन्हा आमच्या घरात येऊ. सोनं हे पृथ्वी तत्त्वाचं की तेज तत्त्वाचं, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’वरच्या त्याच्याच टीकेत त्याचा युक्तिवाद सापडतो. तूप वगैरे पार्थिव पदार्थांना अतिशय तापवलं की त्यांचं द्रवत्व नष्ट होतं. सोन्याला कितीही आच दिली तरी त्याचं द्रवत्व नष्ट होत नाही. म्हणून सोनं पार्थिव नव्हे, तैजस. आज रसायनशास्त्र या निष्कर्षाला मान्यता देणार नाही. पण निरीक्षण बघा किती नेमकं आहे. काही पदार्थ तापले की वितळतात आणि वितळलेलेच राहतात. काहींचं वितळणं हे तात्पुरतं असतं, आच चालूच राहिली तर ते संपून जातं. ‘केव्हा वितळतो’ आणि ‘किती काळ वितळलेला राहतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. नामकुमच्या प्रयोगशाळेनं याच फरकाला घड्याळ लावलं.

हे असं का होतं, याचं खरं उत्तर मिळायला मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. लाख म्हणजे काही विशिष्ट आम्लांचे रेणू एकमेकांना बांधले जाऊन झालेलं मिश्रण. तापवत राहिलं की हे रेणू आणखी हात गुंफतात, पाण्याचे रेणू बाहेर टाकतात आणि शेवटी सगळ्याचं एकच जाळं होतं. जाळं वाहत नाही. ती आम्लं कोणती? एकाचा, अ‍ॅल्युरिटिक आम्लाचा, शोध १८९९ मध्येच लागला होता. शेलोलिक आम्ल १९२२ साली जर्मनीत हॅरीस आणि नागेल यांनी वेगळं केलं. पण चित्र धूसरच होतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांच्या गटानं हे काम हाती घेतलं. वाडिया, खुराणा, म्हसकर आणि सुखदेव यांचा निबंध १९६९ साली आला, आणि त्यात जॅलॅरिक आम्लासारखे लाखेचे महत्त्वाचे घटक स्पष्ट झाले. एका आम्लाला त्यांनी लाक्षोलिक असं नाव दिलं. संस्कृत ‘लाक्षा’ रसायनशास्त्राच्या कोशात शिरली ती पुण्याहून.

आणि इथे एक सुरेख गोष्ट घडते. लाख कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कित्येक दिवस ठेवली की ते बांध तुटतात. त्यातून अ‍ॅल्युरिटिक आम्ल वेगळं काढून, पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून शुद्ध केलं की पांढरी पूड मिळते. ती थीले नळीत भरून तापवा. १०० ते १०१ अंशांना, अगदी शिस्तीत, वितळते. ज्या लाखेनं शेव्हरलच्या प्रश्नाला धड उत्तर दिलं नव्हतं, तिच्या पोटातूनच नेमकं उत्तर देणारा पदार्थ निघाला. हे आम्ल आज कस्तुरीसारख्या सुगंधी द्रव्यांसाठी लागतं आणि लाखेपेक्षा कितीतरी महाग विकलं जातं.

आता या सगळ्यातून कुणाचं काय बिघडलं किंवा सुधारलं, ते पाहू. इतिहास म्हटला की हा हिशेब टाळता येत नाही.

आकडा ज्याच्या हातात असतो, भाव त्याच्या हातात असतो. सोनाराकडे ठुशी किंवा मोहनमाळ मोडायला नेलेल्या बाईला हे नीट कळतं. पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. किती वजन सोन्याचं आणि किती लाखेचं, हे ठरवतो सोनार. बाईच्या हाती तराजू नाही. लाखेच्या व्यापारातही उतरंड हीच होती. जंगलातला गोंड किंवा दुसरा कुणी शेतकरी काडीलाख आठवडी बाजारात आणतो. तिथे चाचणी म्हणजे व्यापाऱ्याचं बोट आणि डोळा. ओली आहे, कचरा आहे, जुनी आहे, असं तो म्हणेल ते खरं. गोंदियाच्या भट्टीवाल्याला कलकत्त्याचा दलाल तेच म्हणतो. दलालाला न्यूयॉर्कचा खरेदीदार प्रयोगशाळेचा कागद दाखवतो. कागद जितका वर, तितका आकडा पक्का. खाली फक्त तोंडचा शब्द. मऊपणाचा अंश, वाहण्याचं अंतर, उष्णतेतलं आयुष्य, या सगळ्या चाचण्या विकत घेणाऱ्याच्या गरजेतून जन्माला आल्या. काडी खरवडणाऱ्याच्या गरजेतून एकही आली नाही.

म्हणूनच स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची एक घटना आम्हाला महत्त्वाची वाटते. जानेवारी १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. या देशाचं क्रमांक एकचं मानक कशाचं आहे माहीत आहे? राष्ट्रध्वजाचं. आणि थोडं पुढे गेलं की १५ वं मानक चौरीचं आणि १६ वं चपड्याचं. पोलाद, सिमेंट, यंत्रं यांची इतकी मोठी रांग असताना लाखेला एवढ्या पुढे जागा मिळाली. आपल्या मालाची कसोटी आपण ठरवायची, ही त्या काळाची भावना त्यात दिसते. १९७३ साली लाखेच्या सगळ्या चाचण्यांच्या पद्धती एका भारतीय मानकात एकत्र आल्या.

पण तोवर बाजारच पालटला होता. १९०७ साली, म्हणजे थीलेनं आपली नळी सुचवली त्याच वर्षी, लिओ बेकलँड यांनी बेकेलाइटचं पेटंट मागितलं. ते शोधत होते लाखेला पर्याय. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेनं तबकड्यांसाठी वापरायच्या लाखेत ७० टक्क्यांची कपात केली, आणि १९४८ मध्ये विनाइलची तबकडी आली. कृत्रिम राळेची एक गोष्ट लाखेला जमली नाही: आजची पेटी आणि पुढच्या वर्षीची पेटी यांत फरक नसणं. पळसाच्या झाडावर तसं कसं होईल? पाऊस, थंडी, झाडाची जात, किड्याचा प्रकार, तोडणीचा महिना, गोदामातले दिवस, सगळं लाखेत उतरतं. तिचा वितळण्याचा पट्टा म्हणजे तिची जन्मकथा असते. कारखान्याला कथा नको होती, आकडा हवा होता.

तरीही लाख संपलेली नाही. औषधाच्या गोळ्यांवरचा चकचकीत थर, सफरचंदावरची चमक, चॉकलेटच्या दाण्यांवरचा मुलामा, यांत ती आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टणावर ई-९०४ असं लिहिलेलं दिसलं तर ती लाख समजा. गोळी पोटात कधी विरघळते हे त्या थरावर अवलंबून असतं, त्यामुळे तिच्या चाचण्या आज पूर्वीपेक्षाही काटेकोर झाल्या आहेत.

शेवटी विद्यार्थ्यांशी दोन शब्द, कारण ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांत पुष्कळ जण विज्ञानाचे आहेत. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत एक रीत सर्रास दिसते. आधी पुस्तकातला द्रवणांक बघायचा, मग नळीत जे काही दिसेल ते, वहीत पुस्तकातला आकडा लिहायचा. परीक्षक खूश, गुण पक्के. यात काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते हे. द्रवणांकाची चाचणी म्हणजे पदार्थाला विचारलेला प्रश्न असतो. उत्तर आधीच लिहून टाकलं तर प्रश्न विचारलाच जात नाही. आणि समोर नॅप्थॅलिनऐवजी लाख असेल तर? ६५ ला मऊ पडणारी, ८० ला वाहणारी वस्तू पाहून ‘८०’ एवढंच लिहिणारा विद्यार्थी चूक आकडा लिहीत नाही, पण त्यानं लाख पाहिलेलीच नसते. ‘६५ ला मऊ, ७० ला चिकट, ७५ ते ८० मध्ये प्रवाही, जास्त वेळ तापवल्यास पुन्हा घट्ट’ असं लिहिणाऱ्याची वही थोडी गबाळी दिसेल. तिच्यातली ओळ न् ओळ मात्र खरी असेल.

प्रमाण म्हणजे काय, या प्रश्नावर आमच्या विषयात दोन हजार वर्षं चर्चा चालू आहे. त्यातून आम्हाला उमगलेलं एवढंच: प्रमाण प्रमेयाला शोभलं पाहिजे. धान मोजायला पायली आणि सोनं मोजायला गुंज, ही समज आपल्या बाजारात होतीच. प्रयोगशाळेला ती लाखेनं शिकवली. आणि अजून एक काम उरलं आहे, ते तुमच्या पिढीचं. देवरीच्या किंवा सालेकशाच्या बाजारात काडीलाख घेऊन येणाऱ्या माणसाला, तिथल्या तिथे, त्याच्या डोळ्यांदेखत मालाची ओल, कचरा आणि ताजेपणा दाखवणारी एक साधी, स्वस्त चाचणी हवी. ती करायला फार मोठी यंत्रं लागणार नाहीत. काचेची नळी, तापमापक, आच आणि घड्याळ एवढं आपल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात आहे. आजवरच्या कसोट्या विकत घेणाऱ्यांनी ठरवल्या. एखादी विकणाऱ्याच्या बाजूनं ठरवून पाहायला काय हरकत आहे?

इथे थांबतो.